चॉकलेटला पाण्याचा हात

एक थेंब हो! एक थेंब पाणी! तेवढ्यानं वाडगाभर चॉकलेटचा दगड होतो, हे जन्मात कुणी मला सांगायचं होतं की नाही? तुम्ही हसताय. हसा, हसा! बत्तीस वर्षं मी लोकांची घरं रंगवतोय, रंगात बादल्याच्या बादल्या पाणी ओतलंय, एक भिंत कधी माझ्यावर रुसली नाही... आणि हे चॉकलेट? एका थेंबाला फुगून बसलं!

तुम्हाला सांगतो, मी या फंदात पडलोच नसतो. पण हिला शुगर निघाली ना. हिला म्हणजे आमच्या मंडळींना. चौदा महिने गोड बंद. मध्ये एकदा औषध घेऊन उपाशीच निघाली आणि जिन्यात चक्कर येऊन पडली, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलोय, आणि मला शेजाऱ्यांना हाक मारायचं सुचेना. खरं सांगतो, इतका मी कधी घाबरलो नव्हतो. आणि त्याच बाईनं गेल्या आठवड्यात साठाव्या वाढदिवसाच्या दिवशी, चप्पल घालता घालता, मला काय सांगावं? "अहो, ऐका. आज संध्याकाळी शिवणाचा क्लास सुटला की मी केक आणणार. अख्खा. वर चॉकलेटचा जाड थर असलेला. चौदा महिने ऐकलं सगळ्यांचं, आज नाही ऐकणार!" आणि दार धाडकन बंद!

मी तसाच उभा. हातात ब्रश... दात घासायचा.

मग मुलीला फोन लावला. लांब राहते, पण अशा बाबतीत हुशार. ती म्हणाली, "बाबा, सोप्पंय! तुम्ही लो कार्ब करा." म्हटलं, "काय करू?" "म्हणजे साखर जवळजवळ नसलेलं. कडू काळं चॉकलेट वितळवायचं, त्यात ती बिनसाखरेची गोडीची पावडर घालायची, स्ट्रॉबेऱ्या बुडवायच्या, फ्रीजमध्ये ठेवायच्या. आईला चार खाल्ल्या तरी चालतील. केकची आठवणही यायची नाही." म्हटलं, बुडवायचं आणि वाळवायचं? अगं, हा तर आपला धंदा! फोन ठेवता ठेवता म्हणते कशी, "बाबा, एकच लक्षात ठेवा हं... चॉकलेटला पाण्याचा हात नको."

आता तुम्हीच न्याय करा. रंगाच्या कामात हात म्हणजे काय? भिंतीवरून एकदा फिरवलेला रंग म्हणजे एक हात. पहिला हात, दुसरा हात. आणि पाण्याचा हात म्हणजे रंग द्यायच्या आधी भिंत ओली करून घेणं. बरोबर? मग मी काय समजणार? की स्ट्रॉबेरी आधी ओली करायची नाही! मी एकेक स्ट्रॉबेरी अशी पुसली, अशी पुसली... वीस स्ट्रॉबेऱ्या, दोन पंचे आणि वर पंखा!

चॉकलेट वितळलं. सुंदर, चकचकीत! पण जाड हो. पहिली स्ट्रॉबेरी बुडवली तर ती टोपी घालून वर आली. आता रंग जाड झाला की रंगारी काय करतो? सांगा ना, काय करतो? पाणी घालतो! पाण्याचा हात नको म्हणाली होती, पाणी घालायचं नाही असं कुठं म्हणाली होती? मी घातलं. एक थेंब!

आणि डोळ्यांदेखत हो... चमचा फिरवला, तसं ते चॉकलेट आकसलं, चमक गेली, खडबडीत झालं, आणि गोळा! भिंतीच्या भेगांत भरायची लांबी असते ना, तस्सा गोळा! मी चमचा उचलला तर वाडगा बरोबर वर आला! पाच वाजून गेलेले, ती सहाला येणार, हातात केक घेऊन. माझ्या डोळ्यांसमोर तो जिना.

परत फोन. "बाबा, पाणी घातलंत?" "एक थेंब." "बाबा..." "बरं, एक चमचा." "बाबा!!" "अगं, रंगारी आहे मी, सवयीनं जेवढं पडतं तेवढं पडलं!" तिकडे ती डोकं धरून बसली असणार. मग म्हणते, "आता एकच उपाय. अजून गरम पाणी घाला."

काय? मला वाटलं पोरीचा तोल गेला! थोड्या पाण्यानं बिघडलंय, ते जास्त पाण्यानं सुधारणार? पण बुडत्याला काडीचा आधार. चमचा चमचा घालत गेलो, फेटत गेलो... आणि तुम्हाला सांगतो, सुधारलं! मऊ, गुळगुळीत! मी स्वयंपाकघरात एकटाच ओरडलो. एक थेंब मारतो आणि पाच चमचे तारतात, ही कुठली रीत?

पटापट बुडवल्या, फ्रीजमध्ये ठेवल्या. पावणेसहाला काढल्या, बोट लावलं. ओलं! पाणी प्यायलेलं चॉकलेट वाळतंय कशाला! तेवढ्यात जिन्यात चप्पल वाजली. मी गडबडलो. ताटली टेबलावर ठेवली आणि सवयीनं... अगदी सवयीनं हो... कामाच्या पिशवीतली पाटी काढून ताटलीसमोर उभी केली. 'रंग ओला आहे. हात लावू नये.'

ही आत आली. हातात हा एवढा खोका! टेबलावर ठेवला. पाटी वाचली. आणि बत्तीस वर्षांत ती पाटी वाचून जगातल्या प्रत्येक माणसानं जे केलं, तेच तिनं केलं. बोट लावलं!

बोटाकडे बघितलं. चाटलं. मी श्वास धरून उभा. मग खुर्ची ओढून बसली, एक खाल्ली. दुसरी खाल्ली. चौथीला डोळे पुसले. म्हणाली, "चौदा महिन्यांनी हो..." म्हटलं, "अजून ओलंय." ती म्हणाली, "राहू दे ओलं. तो खोका उघडू नका. माझं झालं."

जिंकलो की नाही? जिंकलो! पण केक? अख्खा केक, वर चॉकलेटचा जाड थर! टाकवेना हो, अन्न आहे! शेजारी गावाला गेलेले. मग कोण खाणार? सकाळी एक तुकडा, दुपारी एक, संध्याकाळी चहाबरोबर एक... चार दिवसांत मी एकट्यानं संपवला!

आणि काल हिला तपासायला नेलं, तर हिचा आकडा छान. डॉक्टर खूष. ही म्हणाली, "आलोच आहोत तर यांचंही बघा." बघितलं. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "काका, आता तुम्हालाही साखरेशी दोन हात करावे लागणार."

म्हटलं, करतो डॉक्टर. दोन हात तर आयुष्यभर मारत आलोय. फक्त तेवढं सांगा, पाणी किती घालायचं?