गफूरचाचांचे जपानी पत्ते

पत्त्यांत हरणंही सोपं नसतं बरं का! चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. भद्रकालीतले आमचे शेजारी गफूरचाचा मुंबईहून जपानी पत्ते घेऊन आले. प्रत्येक पानाच्या पाठीवर ठशांनी छापलेला निराळा देखावा: बर्फाचा डोंगर, लाकडी पूल, पावसातली होडी. रोज त्यांच्याशी खेळून आठवड्याभरात मला आणि माझ्या दोस्ताला, दामूला, उलटी पानंसुद्धा ओळखता यायला लागली. पण चाची गेल्यापासून चाचा हसले नव्हते, म्हणून आम्ही त्यांची पानं ओळखून त्यांनाच जिंकू द्यायचो. चाचा खूष! शेवटी न राहवून मी कबूल केलं.

चाचा म्हणाले, “अरे बेटा, पत्ते माझे, आणि मलाच ओळखता येत नसतील होय? हरायला तुम्ही किती घाम गाळता, तेच बघायला तर रोज बसतो मी!”