बिनशेपटीचा बैल

...अन् वरून म्हणते काय, ‘मालक, पुन्हा एक डाव ओढा!’ अरे, ओढा काय ओढा? सकाळपासून दोरी ओढू ओढू रूपरावच्या खांद्याचा खुळखुळा झाला, तुमाले सांगतो, अन् हा जाम गावचा मिस्तरी ओमप्रकाश आंब्याच्या सावलीत बसून सुपारी कातरून राह्यला! बैल असता तं शेपूट पिरगाळली असती राजेहो, या मशीनचं काय पिरगाळाल?

संत्र्याच्या बागेत वखरायचं मशीन होय थे. जुनंच. रूपरावनं घरची बैलजोडी इकून आनलं, तवापासून त्याच्या मायनं, मनकर्णाबाईनं, बोलनं टाकलं. बोलली थे एकदम आदल्या दिवशी, पोळ्याले! गावातले बैल शिंगाले बेगड लावून तोरनाखाली उभे, अन् यायच्या गोठ्यात निस्तं हे मशीन. माय म्हणे, ‘रूप्या, उद्या दिवस बुडाच्या आत तुया मशीननं अर्धी बाग वखरून दाखव. नाई तं येत्या बजारातून जोडी आन!’ हा गडीबी समद्या गावासमोर बोलून बसला, ‘अर्धी काऊन? पुरी वखरतो! मशीन काय बैलावानी रुसते का?’

रुसलं ना बाप्पा!

ओमप्रकाश म्हणे, ‘प्लग में कचरा है.’ घासला. दोरी ओढली... घुर्र... फुस्स! ‘पेट्रोल में पानी है.’ बदललं. फुस्स! मंग कार्बोरेटर खोलला, फुंकला, परत लावला, तं एक स्क्रू हातात उरला. ‘हा कोठचा बे?’ ‘एक्स्ट्रा है, मालक.’ एक्स्ट्रा? लग्नातला आहेर होय का, जास्तीचा द्याले? अन् धुऱ्यावर, बांधावर म्हना, शेजारच्या वावरातला नत्थूजी उभा, दात काढून राह्यला, ‘रूपराव, थोडं चारा-कुटार टाकून पाह्य समोर!’ अंगाची आग आग झाली, तुमाले सांगतो! त्यातच त्या दिवशी पोट्ट्यायचा तान्हा पोळा; पोट्टे निंगाले रस्त्यानं. त्यायचे लाकडाचे बैल चाकावर खडखड चालून राह्यले, अन् याचा लोखंडाचा जागचा हलत नाई! हानली रूपरावनं एक लाथ. मशीनले काय होते? याचाच अंगठा सुजला. बैल असता तं शेपूट पिरगाळली असती... याचं काय पिरगाळाल?

दिवस कलला. धुऱ्यावर मायबी येऊन उभी राह्यली. रूपरावले आता रडू यायचंच बाकी होतं. मटकन खाली बसला, बिडी पेटवली, अन् पायते तं काय... मुंग्या! ही लांब रांग, चाकावरून, इंजिनवरून, सरळ सायलेन्सरच्या भोकात! काडी घालून उकरलं त्यानं. जायफळाचा वास आला! काडीले लागून, राजेहो, पुरन आलं. पुरन! त्याच्या मांगोमांग तुपातली अख्खी पोळी!

‘हे कोनं कोंबलं बे?’ रूपराव असा बोंबलला का ओमप्रकाशच्या हातातला अडकित्ता पडला.

माय शांत. ‘म्या.’

‘काऊन वं माय?’

‘बैल तू इकले. पोळा नाई इकला. गोठ्यात हेच उभं होतं, उपाशी कसं ठेवू?’

‘पन सायलेन्सरमंदी?’

‘मंग कोठी चारू? जेथून धूर निंगते थे तोंड. तुयाबी तोंडातून निंगूनच राह्यला ना!’

रूपरावनं बिडी गुपचाप इझवली. आता कोनावर चिडाल, सांगा! दोन्ही बैल तिच्याच हातचं खाऊन मोठे झालते. त्यानं सारी पोळी उकरली, दोरी ओढली, अन् पहिल्याच झटक्यात... भडभडभडभड! दिवस बुडाच्या आत अर्धी बाग वखरली, मायची अट पुरी झाली. अन् मायनं काय करावं? मशीनच्या पाया पडली, नत्थूजीले म्हणे, ‘पाह्यलं? जेवलं तवा उठलं!’

बैल काही आनावे लागले नाई. पन आता पोळा आला का रूपराव सकाळीच गोठ्यात जाते, खुंटीवरचं बैलायचं जुनं मुसकं काढते, अन् सायलेन्सरले कचकचून बांधते. काय करन? शेपूट नाई सापडली बाप्पा त्याले अजून... पन तोंड तं सापडलं!