समोरच्या दारातली चावी

मंडळी, आजचं आख्यान तुम्हाला पटणार नाही! आधीच सांगून ठेवतो. मृदंगवाले तर आत्ताच हसले — हसा! पण प्रश्न ऐका. राजानं सगळं फुकट दिलं, तर रयतेनं काय द्यायचं? नुसत्या टाळ्या?

एक राजा होता. त्यानं घरोघरी नळ दिले. काय म्हणता आजोबा, राजाच्या काळी नळ नव्हते? तुम्ही होता का तिथं? — मग ऐका!

पाणी फुकट, म्हणून नळ दिवसभर मोकळे. म्हशी धुतल्या, अंगणं धुतली, धुतलेली अंगणं परत धुतली! आणि आळीच्या टोकाला गोजराबाईचा नळ नुसता फुसफुसायचा. घरात सून दिवस भरलेली. गोजरा धुसफुसायची, "राजा लबाड. समोरची ठकी त्याहून लबाड!"

राजाच्या कानावर गेलं. त्यानं काय करावं? प्रत्येकाच्या नळाची चावी काढली आणि बसवली समोरच्याच्या दारात! गोजराचं पाणी ठकूबाईच्या हातात, ठकूचं गोजराच्या. आणि दोघींचं पापड वाळत घालण्यावरून बोलणं बंद!

"भांडणं लावतोय मेला," गोजरा म्हणाली. पण ठकूचा हंडा भरला रे भरला, की कच्चकन चावी बंद! आळीभर तेच. आणि काय सांगू — टोकाला पाणी पोचलं! तरी गोजराच्या जिवाला घोर. ऐनवेळी ठकीनं सोडलंच नाही तर?

एका सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. सुईण ओरडली, "पाणी!" गोजरानं अभिमान गिळला, उंबरा ओलांडला... तर मागं नळ धो धो! समोर ठकू, चावीवर हात.

"तुला गं कसं कळलं?"

"सुईण आत जाताना बघितली. तुझ्या दारावरनं माझी नजर हलते का कधी? भरला की सांग. थेंब जास्त सोडायची नाही!"

बघा! संशयानं का होईना, माणूस शेजाऱ्याकडं बघायला लागला. आणि आपण? सरकारचा नळ, सरकारचं पाणी, बंदही सरकारनंच करावा! लाज वाटते का? माझं म्हणाल, तर हे आख्यान सांगायला लागल्यापासून माझ्या हातून एक नळ उघडा राहिला नाही! विठ्ठलाशपथ —

"अहो बुवा! मघाशी देवळामागं पाय धुतलेत, तो नळ अजून वाहतोय! आम्हा बायकांची सतरंजी भिजली!"