ज्या शंखावरून नाव पडलं

(संग्रहालयाची मागची खोली. शंख-शिंपल्यांचा विभाग सांभाळणारी ताई, आणि टेकडीच्या खाणीत सुरुंग लावणारा तिचा धाकटा भाऊ.)

ताई : कपाटाला हात लावू नकोस. धूळ आहे तुझ्या हाताला.

भाऊ : धुऊन आलोय गं. पण या डबीत नुसतं पीठ काय ठेवलंयस?

ताई : तोच तो शंख. तुमच्या टेकडीवरच्या गोगलगायीला ज्याच्यावरून नाव दिलं तो. शंभरेक वर्षांपूर्वी एका डॉक्टरने उचलून आणलेला. साऱ्या जगात मूळ नमुना एवढा एकच.

भाऊ : मग असा कसा झाला?

ताई : जुन्या खणांच्या लाकडातून आंबट वाफ सुटते, ती शंख खाते. आतल्या आत, कुणाला कळतही नाही. खण बदलून द्या म्हणून साहेबांपुढे किती डोकं फोडलं मी!

भाऊ : आणि उद्या कोर्टात?

ताई : खाणवाल्यांचा वकील म्हणतो, ही वेगळी जातच नाही, खाली शेतात सापडते तीच ही, मग खाण कशाला थांबवायची. मूळ शंख आणून दाखवते म्हणाले होते मी. आता हे पीठ दाखवू?

भाऊ : चित्र असेल की एखादं.

ताई : चित्रात शंखाच्या तोंडातले दात दिसत नाहीत. सगळा फरक त्या दातांत आहे.

भाऊ : मग मी आणलाय तो हा डबा उघड. हळू.

ताई : अगं बाई! जिवंत आहे!

भाऊ : पश्चिमेच्या कड्यात, कपारीत होती. दुसरीकडच्या सगळ्या दगडांखाली चेंगरल्यात, चुरा नुसता. आज कामाला दांडी मारून गेलो. मुकादमाने पाहिलं असतं तर घरीच बसवलं असतं.

ताई : वेडा आहेस तू. अरे, मूळ नमुना नष्ट झाला तर त्याच जागचा दुसरा नेमता येतो. तसा नियमच आहे.

भाऊ : मग झालं तर! तोंड कशाला पाडलंस?

ताई : शंख रिकामा करावा लागेल. उकळत्या पाण्यात टाकून.

भाऊ : मारायची? एवढी जपून आणली ती मारायला?

ताई : कपारीत अजून असतील, त्यांच्यासाठी.

भाऊ : थांब, फोन आलाय. हां, मुकादम... अंगात ताप आहे, म्हणून नाही आलो. काय? कधी? ...बरं.

ताई : काय झालं रे?

भाऊ : पश्चिमेचा कडा उडवला. माझ्या जागी दुसऱ्याला लावलं.

ताई : असा कसा उडवला? उद्या सुनावणी आहे!

भाऊ : म्हणूनच आज उडवला, ताई.

ताई : दुसऱ्या एखाद्या कड्यात असतील ना रे?

भाऊ : अख्खी टेकडी पालथी घातली होती मी. दुसरीकडे कुठेच नव्हती. ताई, उद्या काय करशील?

ताई : जाईन. ही वेगळी जात होती, एवढं सांगून येईन.

भाऊ : पाणी ठेवायचं का मग?

ताई : नको. आता कसली घाई? मरेल तेव्हा मरेल आपली आपण. मग ठेवू शंख, पत्र्याच्या खणात.

भाऊ : नाव राहील ना?

ताई : नाव राहील.

भाऊ : हिला खायला काय लागतं गं?