सहा रिकाम्या बाटल्या

…आणि विम्याच्या काउंटरवरचा तो पोरगा मला विचारतो काय, तर ‘मॅडम, पेशंट ॲडमिट होता का?’ अहो, पेशंट तुमच्यासमोर उभी आहे! पायात चपला आहेत, खांद्याला लेकीची वॉटरबॅग आहे, तिची शाळा सुटायला पस्तीस मिनिटं राहिलीत. ॲडमिट कशाला होईन? गोळी आहे ती! रोज एक, पाण्याबरोबर गिळायची. तेवढ्यासाठी हॉस्पिटलची खाट अडवू का मी?

तुम्हाला सांगते, मी मुळात भांडखोर बाई नाही हो. कोथिंबीर वर टाकायला सांगायची तर मनात तीनदा वाक्य जुळवते आणि न मागताच घरी येते. पण गेल्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर निघाला… नाही, तुम्ही घाबरू नका, त्या खात्यात मी एकटी पुरेशी आहे. डॉक्टर म्हणाले, ‘हा गोळीनं आटोक्यात राहतो, निकिताताई. रोज घ्या, चुकवू नका, नातवंडं बघाल.’ आता माझी आरोही साडेपाच वर्षांची. नातवंडं म्हणजे धरा पंचवीस वर्षं, म्हणजे नऊ हजारांवर गोळ्या! दुसऱ्या बाया आनंदानं रडल्या असत्या, मी तिथंच गुणाकार करत बसले. आणि त्यात पहिली स्वस्तातली गोळी मला मानवली नाही. अंगभर पुरळ. मग दुसरी आली. तीस गोळ्यांची बाटली, अडतीस हजार रुपये.

एकदा एक गोळी हातातून निसटून फ्रिजखाली गेली, तर आम्ही तिघंही फरशीवर पालथे! आरोही टॉर्च धरून, मी झाडूची काडी घालून, आणि माझा नवरा सोमनाथ… ज्या माणसानं लग्नापासून गॅसचा सिलिंडर हलवला नाही, त्यानं भरलेला फ्रिज उचलला हो! गोळी सापडली, पुसली, गिळली.

पण विमा होता ना! नऊ वर्षं हप्ता भरलेला, एकदाही साधा ताप नाही लावला त्यांना. म्हणून सहा महिन्यांची बिलं घेऊन गेले, तर काउंटरवर हे सुयश. कोवळं पोरगं, टाय घट्ट, आवाज एवढा मऊ की नकारसुद्धा ऐकत राहावा. ‘घरी घेतलेली औषधं बसत नाहीत, मॅडम.’ मी ‘बरं’ म्हणून परत आले. आले बरं का! रिक्षात रडले, आणि रिक्षावाल्याला वाटलं भाडं जास्त झालं म्हणून, तर त्यानं दहा रुपये कमी घेतले.

रात्रभर ती पॉलिसी वाचली. ब्याण्णव पानं, अक्षरं मुंगीएवढी. आणि पान सदतीसवर काय? ‘तोंडाने घ्यावयाची केमोथेरपी समाविष्ट. रुग्णालयात दाखल होण्याची अट नाही.’ मी आरोहीचा गुलाबी स्केचपेन घेतला आणि त्या ओळीखाली अशी रेघ मारली की अडतिसाव्या पानावर उमटली.

दुसऱ्या दिवशी सुयश म्हणे, ‘हे पान मी पहिल्यांदाच बघतोय.’ अरे बाळा! मी मुळात भांडखोर बाई नाही, मी फक्त ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. उभी राहून. मागं रांगेत एक आजोबा होते, ते म्हणाले, ‘पोरी, तिसऱ्यांदा वाच, मला नीट ऐकू नाही आलं.’ वाचलं तिसऱ्यांदा!

सोमवारी मेल आला. क्लेम विचाराधीन. मात्र गोळ्या प्रत्यक्षात घेतल्याचा पुरावा म्हणून सहाही मूळ रिकाम्या बाटल्या, बॅच नंबरच्या लेबलसह, शुक्रवारी पाचच्या आत जमा कराव्यात. बाटल्या परत मिळणार नाहीत. मला काय, हसूच आलं. घ्या की बाटल्या! आमच्या घरात काहीही टाकलं जात नाही, कारण घरात माझ्या सासूबाई आहेत. लंकाबाई, मूळच्या नामपूरच्या.

‘आई, माझ्या गोळ्यांच्या बाटल्या कुठंयत?’

‘त्या पांढऱ्या? त्या वाणात दिल्या ना मी.’

‘वाणात?’

‘मंग! अडतीस हजाराची बाटली कुनी उकिरड्यावर टाकतं का? झाकन बघ कसं, दाबल्याबिगर फिरत नाय. लोकं पलास्टिकच्या चहागाळण्या वाटतात, आपन लय भारी वस्तू दिली.’

संक्रांतीचं हळदीकुंकू माझं, आणि वाणाची खरेदी सासूबाईंची. डॉक्टर म्हणाले होते, या बाटल्यांत खायचं काही भरायचं नाही, म्हणून त्यांनी अक्कल लढवली. धुतल्या, आत सुया, बटणं, रिळं घातली, बाहेरून सोनेरी लेस डकवली. खास माणसांना बाटली आणि बाकीच्यांना कंगवा! आणि मी स्वतःच्या हातानं वाटल्या हो, वर लेस बघून ‘आई, काय सुंदर डब्या मिळाल्या तुम्हाला’ असंही म्हणाले. माझ्याच बाटल्या मला ओळखू आल्या नाहीत. एम.एस्सी. आहे मी!

आता मला सांगा, दिलेलं वाण परत मागणारी बाई बघितलीये कधी तुम्ही? भांडीबाजारातून सहा स्टीलच्या डब्या आणल्या बदली द्यायला, आणि निघाले. खालच्या मजल्यावरची पल्लवी दारातच आडवी. ‘अगं, वाण परत घेतात का? माझ्या नवऱ्याला काही झालं म्हणजे?’

मी मुळात भांडखोर बाई नाही, पण जीभ सुटली. म्हटलं, ‘तुझ्या नवऱ्याचं मला ठाऊक नाही पल्लवी, पण माझ्या नवऱ्याची बायको या गोळ्यांवर जगतेय!’

सहा महिने सोसायटीत ‘थोडी ॲसिडिटी आहे’ म्हणून लपवलेलं, ते जिन्यात, पूर्ण आवाजात, चारही मजल्यांना कळलं. पल्लवी आत गेली. बाटली आणली, डबी घेतली नाही, आणि एकदम गळ्यातच पडली हो! माझा भांडायचा मूडच गेला. वरच्या मजल्यावरच्या नूरबानो भाभींनी त्यांच्या लेकीच्या, इन्शाच्या हेअरक्लिपा भराभर ओतून बाटली मोकळी केली. ‘ले जाओ, और उस टाईवाले से बोलो, नहीं माना तो मैं आती हूँ.’ गुरुवारपर्यंत पाच झाल्या.

सहावी साळूबाईंकडे. साळूबाई म्हणजे आमच्या गेटाशेजारी इस्त्रीचं टेबल लावतात त्या, मागंच पत्र्याची खोली आहे. ‘त्यांना कधी दिलं?’ मी सासूबाईंना विचारलं. तर म्हणाल्या, ‘तुझ्या बाया गेल्यावर. म्या दिलं. मला कोन देतंय, तिला कोन देतंय? म्हनून म्याच दिलं.’ माझे सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. साळूबाईंच्या मालकांना तर बावीस.

गेले. डबी पुढं धरायची, ‘चुकून गेलं’ म्हणायचं, बाटली उचलायची, असं गेटपर्यंत चारदा घोकलेलं. तर साळूबाईच म्हणाल्या, ‘ये ना ताई, तुझं वाण दावते.’ देवाच्या फळीवर, मालकांच्या फोटोशेजारी. सुया होत्या तशाच, एकही काढली नव्हती. ‘वापरत न्हाई,’ म्हणाल्या, ‘बावीस वर्सांत पयलंच हाय.’

मी बाटली तिथंच ठेवून आले. हो, डबीपण! वर चहा पिऊन आले.

शुक्रवारी सुयशनं पाच बाटल्या मोजल्या. ‘ही सोनेरी लेस कंपनीची आहे का, मॅडम?’ म्हटलं, ‘बॅच नंबर वाचा.’ वाचले. ‘सहावी हरवली?’

‘नाही. जागेवर आहे.’

‘मग आणा ना. अजून चाळीस मिनिटं आहेत.’

‘नाही आणणार.’

‘मॅडम, बाटलीशिवाय ते अडतीस हजार कापले जातील.’

‘कापा. आणि उरलेल्या पाचांची पोच द्या, शिक्क्यासकट. त्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही.’

दिली! शिक्का दोनदा मारला बिचाऱ्यानं. पाच मंजूर, एक नामंजूर. सोमनाथला सांगितलं, तो म्हणाला, ‘ठीक आहे,’ आणि मग जरा वेळानं पंख्याकडे बघत परत म्हणाला, ‘ठीक आहे.’

आता काय… नाशकात हौशी बाया संक्रांतीला चांदीचे करंडेसुद्धा लुटतात म्हणे. लुटू देत. अडतीस हजारांचं वाण लुटलं ते आम्हीच, आणि उघडून बघाल तर आत दोन सुया आणि चार बटणं.