भाव कळायच्या आधी

इटलीचं विचारूच नका, पाय अजून भरून येतात. अर्ध्या दिवसाची वाईनरी टूर म्हणे! द्राक्षांचे मळे चढून-उतरून बायकोचे गुडघे गेले, माझी कंबर गेली.

शेवटी मालकीणबाईंनी ओतलेली एक वाईन मात्र अशी लागली, की ठरवलं, उद्या आमच्या लग्नाचा वाढदिवस, हीच बाटली उघडायची. पण मी पडलो सिडनीच्या हॅरिस पार्कातला किराणावाला. भाव कळायच्या आधी माल चांगला म्हणायचा नाही, हे अंगात भिनलंय. बाईंनी विचारलं, "कशी आहे?" मी नाक मुरडलं. "ओके. जरा आंबट."

बाईंचा चेहरा उतरला. मग मी भाव विचारला, तर म्हणाल्या, "या वेली माझ्या वडिलांनी लावल्या. ज्याला आवडत नाही, त्याला मी विकत नाही."

मी पार हात जोडले. छे! शेवटी बायको लंगडत पुढे आली. "मॅडम, माझ्या जेवणालाही हे कायम 'ओके'च म्हणतात आणि ताट चाटूनपुसून ठेवतात. त्यांचा ग्लास बघा."

ग्लासात थेंब नव्हता. बाई हसल्या आणि बाटली बायकोच्या हातात दिली.

सिडनीला परतल्यावर बायकोनं आमटी वाढली. "कशी झालीय?"

मी म्हटलं, "फर्स्ट क्लास!"

"मग आता भाव ऐका. आजपासून भांडी तुमची."

चहा घ्या. कप तिथेच राहू द्या, मलाच घासायचेत.