एका मशीनची सीडी

जालन्याच्या बसस्टँडवर माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर विंडोजची सीडी होती. वारंवार हाताळून तिच्यावरची अक्षरं कडेकडेनं पुसली होती. पलीकडे तिचा मोठा भाऊ बसला होता.

"दादा, लायसन एका मशीनचं हाय. तू आपल्या कॉम्प्युटर क्लासच्या सगळ्या मशीनवर हीच सीडी टाकली."

"विकत घेतलेली हाय, कौसल्या. पावती हाय माझ्याकडं."

"पावती पण एकाच मशीनची हाय. अंबडला काल तपासणीवाले आल्ते. दोन क्लासला कुलूप लावून गेले."

"मंग मशिनी अंकुशनगरला दाजीच्या क्वार्टरमधी ठेवू. जल्दी हलवू."

"आणि पोरं काय पाटीवर माऊस फिरवतील?"

"तुझ्या त्या फुकटच्या लिनक्सवर तरी काय शिकतील? प्रिंटर चालत न्हाई त्याच्यावर."

"चालतो. त्याचा ड्रायव्हर आत्ताच कॅफेतून उतरवून आणला. लिनक्स कितीबी मशीनवर टाकायची परवानगी हाय."

"वर्षभर हेच सांगून राह्यली तू."

"आणि तू वर्षभर म्हणून राह्यला, परीक्षा होऊ दे."

"आता अर्ध्यातून बदललं तर पोरं विचारतील ना, सर, जुन्यात काय खराबी होती?"

"मंग सांग की."

"काय सांगू? मास्तर हाय मी त्यांचा."

"वडीगोद्रीची गाडी लागली, दादा. पोरं क्लासच्या दारात बसली असतील."

तो उठला नाही.

"टाक लिनक्स. आजच, सगळ्या मशीनवर. एका मशीनची सीडी सगळ्यांवर चालवली ती चोरी होती, हे पोरांना मी सांगतो."